वाचलेले पुस्तक सांगताना



'मी वाचलेले पुस्तक' या आपल्या कार्यक्रमात बरेच जण लेखकाचा परिचय आणि कथानक सांगून खाली बसतात. ते तर मलपृष्ठावरही छापलेले असते! बँकेत दिवसभर आकडे वाचणाऱ्या आम्हांला ऐकायचे असते ते, पुस्तक वाचून तुम्हांला काय वाटले.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) घ्या. फलटणला आपल्या लहानशा दुकानात बसून, पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्या लिहू लागल्या. लिहिलेले वीस वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. या पुस्तकावर आम्ही पुरुषमंडळी गावाने केलेल्या जुलमाविषयी तावातावाने बोलतो. आपल्याच घरांत सुनांचा जो छळ झाला, तोही त्यांनी तितक्याच रोखठोक लिहिला आहे; ती पाने मात्र आम्ही मुकाट्याने उलटतो. एका मुलीने तोच भाग विहारात मोठ्याने वाचला, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या एक आजी मागून म्हणाल्या, "हे माझंच हाय." सगळे गप्प. आमच्या मते त्या दिवशीचा खरा अभिप्राय तोच.

पुढच्या महिन्यात बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी न पटलेलेही सांगावे, आणि येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणून पुढच्या सतरंजीवर बसवावे.