पानशेतचा धडा

विरार पूर्वेच्या फुलपाड्यात पापडखिंडीच्या धरणाकाठी उभे राहिले असता, एवढे पाणी अडवून धरणाऱ्या भिंतीवर आपण किती निःशंकपणे विसंबून राहतो, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कर्तव्यनीतीचा पहिला पाठ द्यावयाचा तो अशाच ठिकाणी, पुण्याजवळच्या पानशेत धरणफुटीचा दाखला देऊन द्यावा.

१९६१ च्या पावसाळ्यात पानशेतच्या मातीच्या धरणाचे काम अपुरे होते, पाणी सोडण्याच्या मोरीची व्यवस्था पूर्ण झालेली नव्हती, तरीही जलाशय भरत गेला. मोरीवरचा भराव खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून तो रात्रभर तोलून धरला; अखेर १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, त्यामागोमाग प्रवाहात खाली असलेले खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. मात्र त्या पोत्यांनी मिळवून दिलेल्या काही तासांमुळे लोंढा शहरात रात्री न येता दिवसाउजेडी आला, आणि असंख्य जीव वाचले.

भराव किती खचेल, याचे गणित पुस्तकात सापडते. परंतु ‘काम अपुरे आहे, पाणी अडवू नये’ असे वरिष्ठांना वेळीच लेखी कळविण्याचे धैर्य पुस्तकात सापडत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना विचारावे: पानशेतच्या अभियंत्यांच्या जागी तुम्ही असता, तर कोणत्या दिवशी, कोणाला, काय लिहिले असते? त्या उत्तरातच सुरक्षिततेचा पाया आहे.