सुटीतले वाचनालय आणि मुलांच्या हातातले पुस्तक

(उन्हाळी वाचनवर्गाच्या प्रारंभी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या परीक्षा संपल्या. आता मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा, विदर्भात तर त्याहून अधिक दिवस, शाळेला कुलूप राहील. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्या मुलांचे वाचन सुटीतही चालू राहते. आपल्या वस्तीतील पुष्कळ मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे छापील पान नसते, आणि जूनमध्ये ही मुले वर्गात बसतात तेव्हा आलेली अक्षरेही अडखळू लागतात. हे अंतर दर उन्हाळ्यात वाढत जाते. ते भरून काढण्याची जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय, असे आम्ही मानतो.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि त्यांना शासनाचे अनुदान मिळते. म्हणजे हा पैसा आपणा सर्वांचा आहे. तरीसुद्धा आपल्या मुलाला सभासद करायला गेलेल्या पालकाला काय अनुभव येतो? अनामत रक्कम भरा, वर्गणी भरा, जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही आणा. रोजंदारीवर जाणारी माउली ही सही कोणाची आणणार? एका वाचनालयात तर, भाड्याच्या खोलीचा पत्ता चालत नाही, असे आमच्या एका भगिनीला सांगण्यात आले. नाव ‘सार्वजनिक’ आणि दार मात्र अर्धे उघडे, अशी ही स्थिती आहे.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिलेच सूत्र असे की, ग्रंथ हे वापरण्यासाठी आहेत. दुसरे, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. तिसरे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. काही जण म्हणतात, मुलांच्या हाती दिली तर पुस्तके फाटतील, हरवतील. काही फाटतील हे खरेच. पण कुलुपात राहून वाळवी लागलेले पुस्तकसुद्धा हरवलेलेच असते, आणि त्यात कोणाचा काही लाभही झालेला नसतो.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० पासून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. खेड्यांतील लोक शहरात येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी पुस्तकांच्या पेट्याच गावोगाव पाठविल्या. वाचक येत नसेल तर पुस्तकाने त्याच्याकडे जावे, हा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

आता सुटीत नेमके काय करावयाचे, ते सांगतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. म्हणून सकाळी आठ ते दहा आणि सायंकाळी पाच ते सात अशी वेळ ठेवावी. मुलींना घरकाम असते, कडेवर धाकटे भावंड असते. त्या मुलीला ‘बाळाला घरी ठेवून ये’ असे सांगितले, तर ती पुन्हा येणार नाही. भावंडासह येऊ द्यावे. चित्रांचे पुस्तक त्यालाही चालते. रोज अर्धा तास एका मोठ्या माणसाने गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. आठवड्यातून एकदा मुलांना ग्रंथालयाचे काम दाखवावे: दाखल नोंदवही कशी असते, पुस्तकाच्या पाठीवर अंक का लिहितात, सुटलेली पाने खळ लावून कशी चिकटवितात. ज्याने स्वतः पुस्तक चिकटविले तो ते सहसा फाडत नाही.

सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्यास बक्षीस, अशी स्पर्धा मात्र ठेवू नये. मुले मग नुसती पाने उलटतात. त्यापेक्षा प्रत्येकाने वहीत पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि ‘हे मी कोणाला वाचायला सांगेन’ एवढे लिहावे. एका मुलाने दुसऱ्याला सांगितलेले पुस्तक हमखास वाचले जाते.

कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. लहानांना माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके आणि नेशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके द्यावीत. पाचवी-सहावीच्या मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि १९७१ पासून बालभारती काढीत असलेले ‘किशोर’ मासिक आवडते. विज्ञानाची ओढ असलेल्यांना जयंत नारळीकरांच्या कथा, आणि मोठ्या मुलामुलींना अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. आपल्यासारख्या घरातले जगणेही पुस्तकात येते, हे त्यांना यातून कळेल. मात्र एक जपावे. सातवीतला मुलगा अडखळत वाचत असेल तर त्याला सर्वांदेखत पहिलीचे पुस्तक देऊन लाजवू नये. छोट्या विनोदी गोष्टी किंवा क्रिकेटची बातमी द्यावी; वाचन तिथूनही सुरू होते.

यादीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती मुलाकडे लक्ष देणारा माणूस. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. त्यांनी विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली तो विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे त्याच बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते आपल्या ग्रंथांचा विचार मनात ठेवून. त्यांच्या ग्रंथप्रेमाचा अभिमान आपण १४ एप्रिलला सांगतो. पण आज आपल्या बागेत, आपल्या गल्लीत वाचत बसलेल्या मुलाकडे लक्ष देणारे केळुसकर गुरुजी किती आहेत, हेही आपण मोजले पाहिजे.

म्हणून या सुटीसाठी आमचे तीन ठराव आहेत. एक, अनामत न घेता मुलांना सभासद करून घ्यावे, अशी लेखी विनंती आपल्या भागातील वाचनालयांना करावयाची. जामीन म्हणून सही लागत असेल तर ती संस्थेने करावी, आणि पुस्तक हरवल्यास किंमत संस्थेच्या निधीतून भरावी. दोन, संस्थेतील प्रत्येक शिकलेल्या तरुणाने आठवड्यातून एक तास मुलांना वाचून दाखवावे. तीन, लग्नकार्यात व वाढदिवशी जो खर्च होतो त्यातून निदान एक बालपुस्तक वाचनालयास द्यावे.

मातांना आमचे एवढेच सांगणे आहे की, तुम्हाला वाचता येत नसले तरी मुलाला ‘आज काय वाचलेस, मला सांग’ असे रोज विचारा. तो सांगेल, कारण ऐकणारे कोणी आहे हे त्याला कळेल. उद्या सकाळी आठ वाजता दार उघडेल. मुलांना घेऊन या.

जयभीम!