परवानगी गटाला द्या, माणसाला नव्हे

एखाद्या छोट्या कार्यालयात सामायिक स्टोरेज असेल, तर फोल्डरची परवानगी माणसाला न देता गटाला द्यावी. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स ही संगणक कार्यप्रणाली जन्मली. परवानग्यांसाठी मालक, गट आणि इतर ही युनिक्समध्ये रुजलेली विभागणी आजही टिकून आहे. ‘हिशेब’ गटाला लिहिण्याची, ‘तपासणी’ गटाला फक्त वाचण्याची मुभा दिली, की नोकरी सोडणाऱ्याचं नुसतं नाव गटातून काढलं, तरी पुढच्या लॉगिनपासून त्याचा प्रवेश थांबतो. ‘पाच माणसांसाठी गट कशाला?’ असं कुणी विचारेल. पण ५ माणसं आणि २० फोल्डर म्हणजे १०० नोंदी. त्यातली एक विसरली, तरी दार उघडंच राहतं. म्हणून आधी गट करा, मग माणसं जोडा.