शून्य गळू नये म्हणून

श्रोतेहो, जिल्ह्याच्या पावसाची नोंद कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. जिल्ह्यात तालुके, तालुक्यात महसूल मंडळं आणि मंडळापुढे त्या दिवसाचा पाऊस, मिलिमीटरमध्ये. पीएचपी या संगणकभाषेत हीच नोंद 'ॲरे'मध्ये ठेवतात. ॲरे म्हणजे कप्प्यांची पेटी. गंमत अशी, की कप्प्यात आकडा मावतो तशी आणखी एक पेटीही मावते.

आता समजा, सगळ्या मंडळांचे आकडे एका सरळ यादीत हवे आहेत आणि नोंदच न आलेले रिकामे कप्पे गाळायचे आहेत. पेट्या किती खोल आहेत ते आधी माहीत नाही. युक्ती साधी आहे. एक फंक्शन लिहायचं. ते एकेक कप्पा उघडतं. आकडा मिळाला तर तपासून यादीत टाकतं, पेटी मिळाली तर त्या पेटीसाठी पुन्हा स्वतःलाच बोलावतं. यालाच 'रिकर्शन' म्हणतात. पाचसहा ओळींत काम होतं आणि शिकवणीत इथंच टाळ्या पडतात. खरी काळजी मात्र गाळणीची घ्यायला हवी.

पीएचपीत 'ॲरे फिल्टर' नावाची तयार गाळणी आहे. ती फक्त वरचा थर पाहते. आत पेटी दिसली की भरलेली आहे म्हणून आख्खी ठेवून देते. म्हणून लोक ती प्रत्येक थरावर चालवतात. आणि काय गाळायचं हे सांगितलं नाही, तर पीएचपी ज्याला 'खोटं' मानते ते सगळं ती काढून टाकते. रिकामी जागा जाते, तसं शून्यही जातं! शून्य हा आकडा जातो, अक्षररूपात लिहिलेलं '०' जातं. पण अक्षररूपातलं '०.०' मात्र राहतं. हा न्याय कुणाला सुचला असेल कोण जाणे.

पाच मंडळं घ्या. पाऊस ०, १२, ०, ६ आणि पाचव्याची नोंदच नाही. खरी सरासरी चार मंडळांची, साडेचार मिलिमीटर. शून्यं गळली की दोनच आकडे उरतात आणि सरासरी होते नऊ. जिथं थेंबही पडला नाही तीच गावं कागदावरून नाहीशी होतात. कुठली चूक दाखवली जात नाही, कार्यक्रम सुरळीत चालतो. दुष्काळाचा विचार अशाच आकड्यांवर होतो, हे ध्यानात घ्या.

उपाय म्हणजे गाळणीला आपली अट द्यायची: नोंद 'नल' असेल किंवा रिकामं अक्षर असेल तरच गाळ. तुलना तीन बरोबर-चिन्हांनी करायची. दोन चिन्हांनी केली तर पीएचपी 'नल' आणि शून्य सारखंच धरते. २०२० साली आलेल्या आठव्या आवृत्तीत रिकामं अक्षर आणि शून्य यांची फारकत झाली, पण 'नल'चं नातं तसंच राहिलं.

आणखी एक खड्डा आहे. सगळे थर आपोआप उतरणारा 'रिकर्सिव्ह इटरेटर इटरेटर' पीएचपीत आहे. नाव उच्चारतानाच दम लागतो. त्यातून यादी करताना 'इटरेटर टू ॲरे' वापरलं, तर ते कप्प्यांचे जुने क्रमांक जपतं. प्रत्येक तालुक्यातली मंडळं शून्यापासून मोजलेली असतील, तर दुसरा तालुका पहिल्यावर चढून बसतो. पहिल्यात पाच आणि दुसऱ्यात चार मंडळं असतील, तर नवाऐवजी पाचच नोंदी हाती येतात. दुसऱ्या जागी 'फॉल्स' लिहिलं, की क्रमांक नव्याने पडतात आणि नऊच्या नऊ मिळतात.

यादी तयार झाली की मोजून पाहावी. मूळ नोंदी वजा रिकाम्या नोंदी, तेवढीच यादी हवी. मात्र मूळ मोजणीला 'काउंट रिकर्सिव्ह' लावू नका, ते आतल्या पेट्याही मोजतं. 'ॲरे वॉक रिकर्सिव्ह' घ्या. ते पेट्यांवर न थांबता थेट आकड्यांपाशी जातं.