डांबर संपते तिथून पुढे



डोंबिवलीत उपासनेनंतर मला हमखास विचारतात, "सेवाकार्याची ती जुनी फोर-व्हील जीप अजून कशाला पोसता? विकून एखादी चांगली गाडी का घेत नाही?" प्रश्न रास्त आहे. वर्गणी तुमची आहे, तेव्हा हिशेबही तुम्हाला मिळायला हवा.

आधी तोटे सांगतो. जीप डिझेल पिते. दर पावसाळ्यात पत्रा गंजतो. नोंदणीची 15 वर्षे संपल्यावर दर 5 वर्षांनी कल्याण आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावे लागते, शिवाय पर्यावरण कर. एखादा सुटा भाग शोधण्यात दोन-दोन दिवस जातात आणि तेवढे दिवस वाड्यांवरच्या फेऱ्या बंद राहतात. पाटे इतके कडक की प्रत्येक खड्डा मणक्याला कळतो. आपल्याला तो सोसतो, दिवस भरलेल्या बाईला सोसत नाही.

आता दुसरी बाजू. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. मुळात युद्धातल्या चिखलासाठी घडवलेली ती साधी बांधणी आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे टिकली. गाडी जमिनीपासून उंच, चारही चाकांना ताकद. दुसरा छोटा दांडा ओढून लो गिअर टाकला की निसरड्या चढावर ती मुंगीच्या पावलाने चढते आणि उतारावर इंजिनच तिला धरून ठेवते. सेन्सर नाही, संगणक नाही. बिघडली तर मुरबाड-शहापूरचा जुना मिस्त्री पाने आणि हातोडी घेऊन तिला उभी करतो.

पण हे सगळे कशासाठी? मुरबाड, शहापूरपर्यंत कोणतीही गाडी जाते. 108 ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर येऊन उभी राहते. काही ठाकूर-कातकरी वाड्या मात्र त्या डांबरापासून आत आहेत. पावसाळ्यात तिथून आजारी माणूस झोळीत घालून खांद्यावर आणावा लागतो. ती झोळी खांद्यावरून उतरवणे, एवढेच आपल्या जीपचे काम.

म्हणून माझे म्हणणे असे की जीप ठेवावी, पण डोंबिवलीत नव्हे. ती तालुक्याला, वाड्यांच्या जवळ उभी असावी. आपण लोकलने आसनगावला जाऊ, पुढे एसटी आहे. डिझेल वाचेल, आणि रात्री-अपरात्री निरोप आला तर गाडी शहरातल्या कोंडीत अडकलेली नसेल.

त्याबरोबर तीन नियम पाळू. पहिल्या पावसाआधी ब्रेक, क्लच आणि टायर तपासलेच पाहिजेत. मोरीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. फोर-व्हील असली म्हणून जीप पोहत नाही. आणि ज्या दिवशी त्या वाड्यांपर्यंत पक्का रस्ता पोहोचेल, त्या दिवशी देवाचे आभार मानून ती विकायची. लोखंडावर जीव जडवून घ्यायचा नाही.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, हे आपण मुलांना सांगतो. त्याने उतारशाळेवाल्याच्या हाती पैसे ठेवले आणि आणखी लागले तर परत येताना देईन असेही सांगितले. सेवेत हा भागही येतो. यंदा जूनपूर्वी जीपला टायर आणि ब्रेकचे काम हवे आहे. प्रार्थनेत तिची आठवण ठेवा, आणि जमेल तसा हातभार लावा.