उत्तर नको असलेले प्रश्न

पानावर बसलेल्या माणसाला दारातून डोकावणारा शेजारी विचारतो, "काय, जेवण चाललंय वाटतं?" तोंडात घास असूनही तो म्हणतो, "या, बसा." वास्तविक प्रश्नाला उत्तर मिळालेच नाही, मिळाले ते आमंत्रण, आणि हवे होते तेही एवढेच. हाच शेजारी पिशवी घेऊन निघालेल्याला मात्र "कुठे?" असे विचारणार नाही. निघताना 'कुठे' विचारले की काम होत नाही, ही जुनी समजूत. म्हणून तो "काय, बाजार वाटतं?" एवढ्यावर भागवतो.

घरातले प्रश्न याहून तिखट. "पैसे काय झाडाला लागतात?" "हे घर आहे की धर्मशाळा?" मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगितले: श्लेष आणि काकु. काकु म्हणजे आवाजाचा हेल. शब्द तेच, पण स्वर फिरला की अर्थही फिरतो. मराठी स्वयंपाकघरात श्लेष क्वचित; काकु मात्र दोन्ही वेळा शिजते.

या काकूत थोडी दयाही असते. "तू उशिरा आलास" हे आरोपपत्र झाले, "किती वाजले?" या प्रश्नात घड्याळाकडे पाहून मुकाट्याने आत सटकायला वाट असते. पाच वर्षांच्या मुलाला ही वाट ठाऊक नसते. "मला काय दहा हात आहेत?" असे आई कडाडली, की तो तिचे हात नीट पाहतो आणि गंभीरपणे सांगतो, "नाही, दोन." राग क्षणभर खोळंबतो. ओसरीवर वर्तमानपत्रामागे दडलेले तीर्थरूप हसू दाबता दाबता खोकू लागतात. "तुम्हांला काय झालं हसायला?" हा पुढचा प्रश्न त्यांच्यासाठी असतो. त्यालाही उत्तर द्यायचे नसते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.