वयापुढे धावणारा वाचक



या एव्हरशाईन सिटीतल्या घराघरांत आज एक प्रश्न ऐकू येतो. मुलगी चौथीत आहे, पण आठवीच्या मुलांची पुस्तके दोन दिवसांत संपवते; आता तिला द्यावे तरी काय? प्रश्न कौतुकाचा वाटतो, पण त्यात थोडी काळजीही असते, आणि ती अनाठायी नाही.

अशा मुलाचे डोळे वयापुढे धावतात. त्याचा अनुभव मात्र वयाच्याच पावलाने चालतो. हे अंतर ध्यानात न घेतल्याने आपल्या हातून दोन प्रमाद घडतात. कोणी इयत्तेची पाटी पाहून पुस्तक हिरावून घेतो. कोणी चार पाहुण्यांत मिरवण्यासाठी जाडजूड ग्रंथ मुलाच्या हाती देतो. पहिल्याने भूक मरते, दुसऱ्याने अजीर्ण होते.

यासाठी पुस्तकाची पारख दोन अंगांनी करावी, असे आम्हांस वाटते. भाषा किती अवघड आहे हे एक, आणि विषयाचा भार किती आहे हे दुसरे. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’चा नायक लंपन हा लहान मुलगा आहे, म्हणून ते बालवाङ्मय ठरत नाही. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणाऱ्या त्या मुलाचे एकटेपण कळायला मन थोडे पिकावे लागते. उलट चिं. वि. जोशांच्या चिमणरावाची भाषा जुन्या वळणाची आणि भरघोस. पण तिथले हसू दहा वर्षांच्या मुलालाही झेपते. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथांचेही तसेच. पुढे गेलेल्या वाचकाला भाषा वरच्या पायरीची द्यावी, भार मात्र पेलेल एवढाच द्यावा.

इथे आणखी एक अडचण आहे. आपली पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. इंग्रजीत जी पुढे, ती मराठीत कित्येकदा जोडाक्षरांशी अडखळतात. त्यांना मराठीतले सोपे पुस्तक दिले, तर त्यात कमीपणा कसला? एकाच मुलाच्या दोन भाषांची दोन वये असू शकतात.

योग्य पुस्तक योग्य हाती पडले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या याच रेल्वेमार्गावरचे आहे. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी वाचत बसे. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्याला हेरले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. घरची ओढगस्त एवढी, की मुलाच्या पुस्तकांसाठी वडील रामजी सुभेदार लेकींचे दागिने आणून गहाण ठेवीत. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तेव्हा भीमरावांचे वय होते सोळा.

केळुसकरांनी काय केले पाहा. आधी वाचणारा मुलगा ओळखला, मग एकच पुस्तक निवडले आणि ते देऊन बाजूस झाले. पुस्तक वाचून भीमराव घरी वडिलांना प्रश्न विचारू लागले: बुद्धाचे वाङ्मय आम्हांला का दाखवले नाही, रामायण-महाभारताचाच आग्रह का? ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या एका पुस्तकानेच सारे घडवले, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण बी पेरले गेले ते तेव्हा.

दुसरे उदाहरण काशीचे. जयंत नारळीकर विद्यापीठाच्या आवारात वाढले. घरी भिंतीवर फळा होता; मोरूमामा हुजूरबाजार त्यावर गणिती कोडे लिहून ठेवीत, आणि ते सुटेपर्यंत किंवा मुलगा हार मानीपर्यंत तसेच राहू देत. कोडे समोर ठेवायचे, घाई करायची नाही. पुस्तकाच्या बाबतीतही नेमके हेच करावे.

तेव्हा पालकांनी चार गोष्टी पाळाव्यात. पुस्तकाची पहिली वीस पाने आपण स्वतः वाचावी. आवडले नाही तर ते अर्ध्यावर टाकण्याची मुलाला मुभा द्यावी. अवघड पुस्तकाशेजारी एखादे हलके पुस्तक राहू द्यावे, कारण पहिलवानालाही रोज कुस्ती नको असते. आणि महिन्यातून एकदा मुलाला ग्रंथालयात नेऊन त्याचे त्याला निवडू द्यावे.

पुस्तक योग्य होते की नाही, हे मुलाने किती पाने संपवली यावरून कळत नाही. पुस्तक मिटून ते आपल्याकडे प्रश्न घेऊन आले, तर निवड साधली असे समजावे. तो प्रश्न अडचणीचा असेल, आपल्या श्रद्धांना टोचणाराही असेल. त्या वेळी ‘मोठा झालास की कळेल’ म्हणून त्याची बोळवण करू नका. जे ठाऊक आहे ते सांगा. जे ठाऊक नाही ते त्याच्याबरोबर शोधा. पुढचे पुस्तक कोणते, ते मग आपोआप सापडेल.